अवकाशस्थानकातून छोटा उपग्रह सोडायचाय? पहिल्या अर्जापासून पहिल्या सिग्नलपर्यंतची वाट

क्यूबसॅट, म्हणजे ठरावीक चौकोनी मापाचा छोटा उपग्रह, बनवायला घेतलेल्या नव्या टीमशी बोलायला बसलं की कॅमेरा, प्रोसेसर, अँटेना यांवर तासन्‌तास गप्पा होतात. बॅटरीच्या तपासणीचे कागद कुठे आहेत असं विचारलं की सगळे एकमेकांकडे बघतात. रॉकेटवरून थेट कक्षेत सुटणारा उपग्रह असेल तर हे काम थोडं उशिरा सुरू झालं तरी निभावून नेता येतं. अवकाशस्थानकातून सुटणार असेल तर नाही. तुमचा उपग्रह कित्येक आठवडे अशा ठिकाणी ठेवलेला असतो जिथे माणसं जेवतात, झोपतात, काम करतात. तो पुढे चालेल की नाही ही तुमची काळजी. स्थानकाला आधी पुराव्यानिशी हवं असतं ते एवढंच, की आतल्या माणसांना त्यापासून धोका नाही. आराखडा, सुटे भाग, वेळापत्रक हे सगळं या मागणीभोवती फिरतं, आणि हे पहिल्या महिन्यात ज्यांच्या लक्षात येतं त्यांची पुढची वर्षं बरीच सुखाची जातात.

जपानमधल्या एका विद्यापीठात असताना मी १यू, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटरच्या घनाएवढ्या, आकाराच्या उपग्रहावर काम केलं. तो आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाला जोडलेल्या जपानच्या ‘किबो’ प्रयोगशाळेतून सुटला आणि वातावरणात जळून जाईपर्यंत आम्ही तो चालवला. तो अनुभव आणि नंतर भारतातल्या टीमनी विचारलेले प्रश्न, यांतून हा लेख लिहिते आहे. मुख्य रस्ता किबोचा धरला आहे, कारण विद्यार्थ्यांसाठी तोच सर्वांत रुळलेला आहे.

आधी प्रवास समजून घ्या

उपग्रह तुम्ही जपानमध्ये त्सुकुबाला, तिथल्या अवकाश संस्थेच्या केंद्रात, नेऊन देता. तिथे तो स्प्रिंग असलेल्या एका लांबट चौकोनी पेटीत सरकवला जातो. या यंत्रणेला जे-सॉड म्हणतात. पेटी फोममध्ये गुंडाळून, कापडी बॅगेत घालून, मालवाहू यानातून स्थानकावर जाते. अंतराळवीर ती बॅगेतून काढतात, एका फलकावर बसवतात आणि किबोच्या एअरलॉकमध्ये ठेवतात. आतलं दार बंद होतं, हवा काढली जाते, बाहेरचं दार उघडतं. किबोचा यांत्रिक हात फलक उचलून ठरलेल्या जागी नेतो, मग आज्ञा जाते, पेटीचं झाकण उघडतं आणि स्प्रिंग उपग्रहाला बाहेर ढकलते. वेग सेकंदाला साधारण एक ते दीड मीटर, म्हणजे माणूस चालतो तेवढा. ४ ऑक्टोबर २०१२ रोजी पहिल्यांदा पाच क्यूबसॅट असे सोडले गेले. जपानी अंतराळवीर आकिहिको होशिदे तेव्हा स्थानकावर होते.

१. स्थानक तुमच्या कामाचं आहे का, ते ठरवा

स्थानक सुमारे ४०० किलोमीटरवरून फिरतं आणि त्याची कक्षा विषुववृत्ताशी ५१.६ अंशांचा कोन करते. तुमच्या उपग्रहालाही सुरुवातीला हीच कक्षा मिळते. त्यात निवडीला वाव नाही. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा ‘स्वयम्’ जून २०१६ मध्ये पीएसएलव्ही-सी३४ वरून गेला, तो सुमारे ५०० किलोमीटरच्या ध्रुवीय कक्षेत. आयआयटी मुंबईचा ‘प्रथम’ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गेला, तोही ध्रुवीय कक्षेतच. रोज ठरावीक वेळी त्याच भागाचा फोटो हवा असेल, ध्रुवांवरून जायचं असेल, किंवा तीन-चार वर्षं माहिती गोळा करायची असेल, तर हा लेख इथेच ठेवा आणि रॉकेटचा पर्याय बघा.

स्थानकातून सुटलेला छोटा उपग्रह काही महिने ते फार तर एक-दोन वर्षं टिकतो. सूर्य जोमात असेल तर वरचं वातावरण फुगतं आणि आयुष्य आणखी घटतं. विद्यार्थ्यांच्या पहिल्या उपग्रहाला मला हे आयुष्य पुरेसं वाटतं. कचरा मागे राहत नाही, आणि शिकायचं ते पहिल्या तीन महिन्यांत शिकून होतं.

याचा मोठा फायदा उड्डाणात आहे. उपग्रह फोममध्ये गुंडाळून जात असल्याने रॉकेटचे हादरे त्याच्यापर्यंत बरेच मवाळ होऊन पोचतात. शिवाय मालवाहू यानं वर्षातून अनेकदा जातात, त्यामुळे एक फेरी चुकली म्हणून सगळं बुडत नाही.

२. दार निवडा

संयुक्त राष्ट्रांचं बाह्य अवकाश व्यवहार कार्यालय आणि जपानची अवकाश संस्था जाक्सा मिळून २०१५ पासून ‘किबोक्यूब’ नावाची योजना चालवतात. विकसनशील देशांतल्या शिक्षण आणि संशोधन संस्थांना त्यात स्पर्धेतून संधी मिळते. उड्डाण आणि सोडणं मोफत, उपग्रह बनवण्याचा खर्च तुमचा. केनियाचा पहिला उपग्रह याच योजनेतून मे २०१८ मध्ये सुटला. पुढे ग्वाटेमाला, मॉरिशस, मोल्दोव्हा, इंडोनेशिया यांचे उपग्रहही याच वाटेने गेले. प्रत्येक फेरीचे पात्रतेचे निकष शब्दन्‌शब्द वाचा, मगच अर्जाला बसा.

दुसरं दार विद्यापीठांच्या सहकार्याचं. क्यूशू इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या ‘बर्ड्‌स’ प्रकल्पात वेगवेगळ्या देशांतले विद्यार्थी तिथे राहून आपापल्या देशाचा उपग्रह बनवतात. घाना, मंगोलिया, बांगलादेश, भूतान, नेपाळ, श्रीलंका यांचे उपग्रह असे घडले.

तिसरं दार पैसे मोजून. जाक्साने २०१८ मध्ये किबोतून उपग्रह सोडण्याची व्यावसायिक सेवा स्पेस बीडी आणि मित्सुई या जपानी कंपन्यांकडे सोपवली. अमेरिकेच्या बाजूने नॅनोरॅक्स ही कंपनी आहे, जी आता व्हॉयेजर कंपनीचा भाग आहे. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी प्लॅनेट लॅब्सचे २८ उपग्रह सोडायला सुरुवात केली आणि हा व्यवसाय होऊ शकतो हे जगाला दिसलं.

(अंतराळवीराने हाताने उपग्रह सोडल्याचीही उदाहरणं आहेत. ऑगस्ट २०१४ मध्ये ओलेग आर्तेम्येव यांनी स्पेसवॉक करताना पेरूचा चास्की-१ हाताने ढकलून दिला. त्या भरवशावर कोणी योजना आखू नये, पण प्रसंग माहीत असावा.)

दार ठरलं की पहिलं काम त्यांची सुरक्षा आणि जोडणीविषयक नियमपुस्तिका मागवणं. आकडे त्या पुस्तिकेतलेच अंतिम धरा. खाली मी देते आहे ते दिशा कळावी म्हणून.

३. फ्रिक्वेन्सीचा अर्ज आजच भरा

उपग्रह तयार आणि परवाना नाही, हे दृश्य सगळीकडे दिसतं. रेडिओ परवान्याला लागणारा वेळ तुमच्या हातात नसतो, म्हणून हे काम सोल्डरिंगच्या आधी सुरू करायचं.

विद्यार्थ्यांचे उपग्रह बहुधा हॅम, म्हणजे हौशी, रेडिओच्या पट्ट्यात बोलतात: १४५.८ ते १४६ किंवा ४३५ ते ४३८ मेगाहर्ट्झ. त्यासाठी आयएआरयू या आंतरराष्ट्रीय हॅम संघटनेकडून समन्वय करून घ्यावा लागतो, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या उपग्रहावर तुमचा आवाज चढणार नाही अशी फ्रिक्वेन्सी ते सुचवतात. त्याच वेळी आपल्या सरकारमार्फत आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेकडे नोंद जाते. भारतात हे काम दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी शाखा बघते. उपग्रह परदेशातून सुटणार असला तरी भारतीय संस्थेला इन-स्पेस या खासगी अवकाश उपक्रमांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेची परवानगी लागते आणि तो अर्ज त्यांच्या ऑनलाइन व्यवस्थेतून जातो. सुटल्यानंतर देशाने संयुक्त राष्ट्रांच्या नोंदवहीत उपग्रहाची नोंद करायची असते, तिची माहितीही तुम्हीच पुरवायची.

सापळा: हॅमचा पट्टा व्यापारी कामासाठी नाही. तुमच्या प्रायोजकाला उपग्रहाकडून पैसे मिळवून देणारी माहिती हवी असेल, तर या पट्ट्याचा अर्ज अडेल. अशा वेळी दुसरा पट्टा आणि दुसरा रेडिओ हा निर्णय सुरुवातीलाच घ्यावा लागतो.

टीममधल्या दोघांनी तरी हॅमची परीक्षा देऊन परवाना काढावा. एक जण पदवी घेऊन निघून जातो आणि ग्राउंड स्टेशन कुलूपबंद होतं, म्हणून दोघांनी.

४. आकार, वजन आणि हवेचा अडथळा

१यू म्हणजे १० × १० सेंटिमीटरचा पाया आणि ११.३५ सेंटिमीटर उंची. चार कोपऱ्यांवरच्या रेल्स पेटीत घासत सरकतात, त्यांची रुंदी ८.५ मिलिमीटर. रेल्सवर कठीण अ‍ॅनोडायझिंग हवं, म्हणजे पृष्ठभागावर कठीण ऑक्साइडचा थर, नाहीतर अ‍ॅल्युमिनियमला अ‍ॅल्युमिनियम चिकटून उपग्रह पेटीतच अडकायचा धोका असतो. पेटीच्या मापाचा साचा बनवा आणि प्रत्येक मोठ्या जोडणीनंतर उपग्रह त्यातून सरकवून पाहा. सौरपट्टीवरचा एखादा सोल्डरचा टिपका अर्धा मिलिमीटर वर आलेला असतो आणि तो साच्यातच सापडतो.

स्थानकावरून सोडताना आणखी एक आकडा लागतो: बॅलिस्टिक नंबर. लोखंडी गोळी आणि पिंपळपान एकदम सोडलं तर वारा पानाला आधी अडवतो. कक्षेतही विरळ हवा हलक्या आणि पसरट वस्तूला लवकर खाली आणते. उपग्रह मागच्या आणि खालच्या दिशेला ढकलतात, म्हणजे तो स्थानकापेक्षा किंचित खालच्या कक्षेत जातो. तो स्थानकापेक्षा वेगाने खाली उतरत राहिला तरच पुन्हा वाटेत येणार नाही. म्हणून रोधगुणांक (हवेचा अडथळा आकारानुसार किती, हे सांगणारा आकडा) आणि क्षेत्रफळ यांच्या गुणाकाराने वस्तुमानाला भागून येणारा हा आकडा साधारण १०० किलो प्रति चौरस मीटरच्या आत ठेवायला सांगतात.

१.३३ किलोचा १यू धरा. रोधगुणांक २, क्षेत्रफळ ०.०१ चौरस मीटर. उत्तर येतं सुमारे ६७. निवांत. पण ४ किलोचा ३यू, म्हणजे तिप्पट उंचीचा, उपग्रह अरुंद तोंड पुढे करून स्थिर उडवणार असाल तर हाच हिशोब २०० वर जातो. तोच उपग्रह गडगडत फिरणार असेल तर सरासरी क्षेत्रफळ वाढून आकडा साठच्या आत येतो. दिशा नियंत्रित करणार असाल तर हा मुद्दा पहिल्याच बैठकीत काढा.

साहित्याबद्दल थोडक्यात. निर्वातात वायू सोडणारं काही नको. मोजमाप असं की एकूण वस्तुमान घट १ टक्क्याच्या आत आणि थंड पृष्ठभागावर जमणारा अंश ०.१ टक्क्याच्या आत. पीव्हीसीच्या वेष्टनाच्या तारा काढा, टेफ्लॉनच्या घ्या. नेहमीच्या दुकानातला डिंक आणि चिकटपट्टी वापरू नका. अपरिचित साहित्याला मुळात बंदी नाही. क्योटो विद्यापीठाचा लाकडी लिग्नोसॅट डिसेंबर २०२४ मध्ये किबोतूनच सुटला. पुरावा मात्र तुम्ही द्यायचा.

आणि कडा. अंतराळवीर ज्या वस्तूला हात लावू शकतो तिची प्रत्येक कड गोल हवी. आम्ही सुती कापड सगळ्या कडांवरून, स्क्रूच्या डोक्यांवरून, अँटेनाच्या टोकांवरून हलकेच ओढत असू. धागा अडकला की ती जागा पुन्हा घासायची. स्टीलच्या मेजरिंग टेपपासून अँटेना कापली असेल तर तिची टोकं सगळ्यात आधी बघा.

५. तीन कुलपं आणि तीस मिनिटं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग. इथे आराखडा चुकला तर पुढचं सगळं पुन्हा करावं लागतं.

स्थानकात असताना उपग्रह पूर्ण बंद हवा. त्याने चुकून रेडिओ चालू केला किंवा अँटेना उघडली तर माणसाला किंवा यंत्रणेला इजा होऊ शकते. म्हणून बॅटरी आणि बाकीच्या यंत्रणेच्या मध्ये एकमेकांवर अवलंबून नसलेले तीन अडसर मागतात. दोन बिघडले तरी तिसऱ्याने धरून ठेवलं पाहिजे. सहसा हे अडसर रेल्सच्या टोकांवरच्या दाबून ठेवलेल्या स्विचांनी चालतात. पेटीत उपग्रह बसला की ते दाबले जातात, बाहेर पडला की सुटतात. तीनांतला एक ऋण बाजूच्या तारेत ठेवावा अशी अपेक्षा असते, म्हणजे धन बाजूची तार कुठे सांगाड्याला टेकली तरी वीज वाहत नाही.

इथे नव्या टीम हमखास तीन गोष्टी विसरतात.

पहिली, सौरपट्ट्या. बॅटरीच्या वाटेवर तीन अडसर घातले आणि पट्ट्यांची वीज थेट बसवर, म्हणजे उपग्रहाच्या मुख्य वीजवाहिनीवर, जात असेल तर टेबलावरच्या दिव्यातही प्रोसेसर जागा होतो. ती वाटही बंद हवी. परीक्षक आकृतीवर बोट ठेवून पहिल्यांदा हेच विचारतात.

दुसरी, स्वातंत्र्य. तीन स्विच आहेत पण तिन्ही एकाच एमओएसएफईटी या इलेक्ट्रॉनिक स्विचच्या गेटला जोडले आहेत, तर तो एकच अडसर.

तिसरी, पिन. जमिनीवर काम करताना लावायची ‘उड्डाणाआधी काढा’ पिन तीनांत मोजायची नाही, कारण ती जमिनीवरच निघते.

उपग्रह पेटीबाहेर पडला की तीस मिनिटं काहीही उघडायचं नाही आणि काहीही प्रक्षेपित करायचं नाही. तेवढ्यात तो स्थानकापासून पुरेसा दूर जातो. ही तीस मिनिटं मोजणारा टायमर लिहायला सोपा वाटतो आणि सर्वांत जास्त उपग्रह इथे गोत्यात येतात. मोजणी चालू असताना प्रोसेसर रीसेट झाला तर? दर वेळी शून्यापासून सुरुवात करणारा उपग्रह बॅटरी अशक्त असेल तर कधीच तीस मिनिटांपर्यंत पोचत नाही. आणि ‘अँटेना उघडली’ अशी खूण मेमरीत जमिनीवरच्या चाचणीतून राहून गेली, तर वर गेल्यावर तो अँटेना उघडायचा प्रयत्नच करत नाही. म्हणून सोपवण्याआधी मेमरी पुसून ती वाचून दाखवणं ही चेकलिस्टवरची स्वतंत्र ओळ हवी, दोन सह्यांची. आणि खूण काहीही सांगो, काही तासांनी अँटेना बांधून ठेवणारी दोरी वितळवणारी तार पुन्हा तापवणारा कोड ठेवा.

६. बॅटरी

लिथियम-आयन सेल बंद खोलीत पेटला तर काय होईल, या एका प्रश्नातून बॅटरीचे सगळे नियम निघालेत. त्यामुळे इथे सवलत मागू नका.

एकाच लॉटमधले, गरजेपेक्षा बरेच जास्त सेल विकत घ्या. प्रत्येकाला क्रमांक द्या. बाहेरून तपासा, वजन करा, व्होल्टेज मोजा, क्षमता मोजा. मग कंपन द्या, निर्वातात ठेवा, आणि तीच मोजणी पुन्हा करा. वजन घटलं म्हणजे सेल गळतोय. क्षमता किंवा व्होल्टेज हललं म्हणजे आत काहीतरी बिनसलंय. जे सेल पहिल्यासारखेच राहिले त्यांतले एकमेकांशी सर्वांत जुळणारे उड्डाणासाठी निवडायचे. त्याच लॉटमधल्या काही सेलांवर जास्त चार्ज, जास्त डिस्चार्ज आणि बाहेरून शॉर्ट या चाचण्या करून संरक्षण सर्किट काम करतं हेही दाखवायचं. ही मोजणी सुरू केल्यावर वही एकाच माणसाच्या हातात ठेवा, आणि काटा, मल्टीमीटर, खोलीचं तापमान सगळं लिहा. ‘मोजलं होतं पण लिहिलं नाही’ याला इथे काही अर्थ नाही.

आता थांबण्याचा हिशोब. सोपवल्यानंतर उड्डाणापर्यंत आठवडे किंवा महिने जातात आणि स्थानकावर पोचल्यावर पुन्हा थांबावं लागतं. केनियाचा उपग्रह एप्रिल २०१८ च्या सुरुवातीला वर गेला आणि ११ मे रोजी सुटला. नेपाळ आणि श्रीलंकेचे उपग्रह १७ एप्रिल २०१९ ला निघाले आणि १७ जूनला सुटले. या काळात चार्जिंग नाही असंच धरा. तीन अडसर बंद असतानाही संरक्षण सर्किट काही मायक्रोअँपिअर पीत असतं. तो आकडा मोजा, सहा-आठ महिन्यांनी गुणा आणि उरलेल्या चार्जमध्ये अँटेनाची तार तापवता येते का ते प्रत्यक्ष करून पाहा, तेही थंड बॅटरीवर.

७. अँटेनाची दोरी

बहुतेक क्यूबसॅटची अँटेना गुंडाळून नायलॉनच्या दोरीने, बऱ्याचदा मासे धरायच्या गळाच्या दोरीने, बांधलेली असते. वेळ आली की नायक्रोमची तार तापते आणि दोरी वितळते. साधी युक्ती आहे, म्हणूनच टिकली. गाठ बांधणारा हात मात्र एकच ठेवा. दोरी तारेला घट्ट टेकलेली हवी, कारण निर्वातात मध्ये हवा नसते आणि किंचित फट राहिली तरी उष्णता पोचत नाही. खोलीत दर वेळी उघडणारी अँटेना निर्वात कक्षात, उणे तापमानात उघडत नाही असं आढळतं. चाचणी तिथेच घ्या. दोन स्वतंत्र तारा ठेवा. गाठीचा जवळून फोटो काढा, सुरक्षा अहवालात तो लागतो.

८. सुरक्षा आढावा: लिखाणाचं काम

आढावा साधारण तीन टप्प्यांत होतो. पहिल्यात तुम्ही धोके ओळखता, दुसऱ्यात ते कसे रोखणार आणि कसे तपासणार हे ठरतं, तिसऱ्यात तपासल्याचे पुरावे देता. तिसरा टप्पा पार झाल्याशिवाय उपग्रह स्वीकारला जात नाही.

प्रत्येक धोक्याची मांडणी एकाच साच्यात करा. धोका: अंतराळवीर हाताळत असताना अँटेना उघडून डोळ्याला किंवा हाताला लागणं. कारण: तापतारेला चुकून वीज मिळणं, किंवा दोरी सुटणं. नियंत्रण: वीजवाटेवर तीन अडसर, दोन दोऱ्या. पडताळणी: प्रत्येक अडसराची स्वतंत्र चाचणी, कंपनानंतर दोरीची पाहणी, फोटो. ‘आम्ही काळजी घेतली आहे’ हे वाक्य अहवालात कुठेही येऊ देऊ नका. परीक्षकांना चाचणी क्रमांक आणि तारीख हवी असते. ते लोक तुमच्या बाजूचे असतात आणि त्यांचे प्रश्न जितके बारीक, तितका उपग्रह सुधारतो हे मी स्वतः पाहिलं आहे.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- वीजवाटेची आकृती, तिन्ही अडसर खुणेसह
- सर्व साहित्याची यादी, प्रत्येकाच्या वायू सोडण्याच्या आकड्यांसह
- सेलनिहाय तपासणीची नोंद आणि बॅटरी चाचणी अहवाल
- वजन, गुरुत्वमध्य आणि बॅलिस्टिक नंबरचा हिशोब
- साच्यातून सरकवल्याचा आणि मापांचा अहवाल
- कंपन आणि निर्वात-उष्णता चाचण्यांचे अहवाल
- तीक्ष्ण कडांच्या तपासणीची नोंद
- फ्रिक्वेन्सी समन्वयाचं पत्र आणि रेडिओ परवाना
- इन-स्पेसची परवानगी, किंवा तुमच्या देशाच्या यंत्रणेची
- कक्षेतल्या आयुष्याचा अंदाज

कंपनाचे आकडे सेवा देणारी संस्था देते, ते नेमके तेवढेच द्या. गरजेपेक्षा जास्त हादरे देऊन चांगला उपग्रह थकवू नका. प्रत्येक स्क्रू किती टॉर्कने आवळला ते लिहा आणि त्यावर रंगाची खूण करा, म्हणजे कंपनानंतर हलला का ते नजरेला दिसतं.

९. परदेशी नेताना

लिथियम बॅटरी विमानात धोकादायक माल ठरते. सेल बनवणाऱ्याकडून यूएन ३८.३ या वाहतूक-सुरक्षा चाचणीचा सारांश घेऊन ठेवा. भारतातून उपग्रह किंवा त्याचे भाग बाहेर नेताना ते डीजीएफटी या विदेश व्यापार खात्याच्या स्कोमेट यादीत, म्हणजे निर्यातीवर नियंत्रण असलेल्या वस्तूंच्या यादीत, येतात का हे तपासा, परवाना लागणार असेल तर त्याला वेळ द्या. अमेरिकी बनावटीचे भाग असतील तर त्यांच्या निर्यात-अटी वेगळ्या. जीपीएस चिप घेताना एक खास सापळा आहे: बाजारातल्या बऱ्याच चिप १८ किलोमीटर उंचीच्या किंवा सेकंदाला ५१५ मीटर वेगाच्या वर काम बंद करतात. अवकाशात चालणारं फर्मवेअर मिळतं, पण ते मागून घ्यावं लागतं.

सोबत न्यायचं सामान: तुमचा साचा, टॉर्क ड्रायव्हर, आयपीए (साफसफाईचं अल्कोहोल) आणि धागे न सोडणारे पुसणे, ईएसडी पट्टा (स्थिर वीज उतरवणारा), सौरपट्ट्यांवरची संरक्षक झाकणं, चार्जर, आणि छापील चेकलिस्ट. त्सुकुबाला शेवटचं चार्जिंग, शेवटची पाहणी, पिन काढणं आणि पेटीत सरकवणं होतं. पिन काढल्यावर ती सगळ्यांसमोर मोजून दाखवा.

१०. सुटण्याचा दिवस

तारीख बदलते. एखादं मालवाहू यान येणार असतं, स्पेसवॉक असतो, अंतराळवीरांचा वेळ नसतो. ग्राउंड स्टेशनवरची माणसं एका तारखेसाठी नव्हे, एका महिन्यासाठी तयार ठेवा. बहुतेक वेळा सोडण्याचं थेट प्रक्षेपण होतं. चौकोनी तुकडे पेटीतून बाहेर येऊन हळूहळू फिरत लांब जाताना दिसतात. त्या क्षणी टायमर सुरू झालेला असतो, म्हणून घड्याळाची वेळ सेकंदासह लिहून ठेवा.

११. पहिला सिग्नल पकडणं

पहिले काही दिवस तुमच्या उपग्रहाची स्वतंत्र कक्षा-माहिती प्रसिद्ध झालेली नसते. तोवर स्थानकाचीच टीएलई, म्हणजे कक्षेचे आकडे देणाऱ्या दोन ओळी, वापरा. मागे आणि खाली ढकललेला उपग्रह खालच्या कक्षेत थोडा लवकर फिरतो, त्यामुळे तो दर दिवशी साधारण अर्ध्या मिनिटाने स्थानकाच्या पुढे जातो आणि हवेच्या अडथळ्याने हे अंतर पुढे वाढतच जातं. अँटेना तेवढी आधी वळवा.

४३७ मेगाहर्ट्झवर डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे उपग्रहाच्या जवळ-लांब जाण्याच्या वेगामुळे, फ्रिक्वेन्सी दोन्ही बाजूंना साधारण १० किलोहर्ट्झ सरकते. पहिल्या वेळी नेमकी फ्रिक्वेन्सी धरून बसू नका. एसडीआरने, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या रेडिओने, रुंद पट्टा रेकॉर्ड करा आणि पडद्यावर तिरकी वाकलेली रेघ शोधा. एक फेरी फार तर दहा मिनिटांची असते. थेट डिकोड जमलं नाही तरी रेकॉर्डिंग हातात राहतं.

एकट्याच्या छतावर अवलंबून राहू नका. सॅटनॉग्ज हे ग्राउंड स्टेशनचं खुलं जाळं आहे, त्यात आपल्या उपग्रहाची माहिती आणि पॅकेटची रचना आधीच घालून ठेवा. जगभरचे हॅम तुमच्याआधी सिग्नल ऐकतील आणि रेकॉर्डिंग पाठवतील. त्यांनी ते करावं म्हणून बीकन, म्हणजे उपग्रह आपोआप पाठवत राहतो तो सिग्नल, साधा ठेवा, शक्य असेल तर मोर्समध्ये कॉलसाइन आणि बॅटरीचं व्होल्टेज. प्रत्येक पत्राला उत्तर द्या, पोचपावतीचं कार्ड पाठवा.

एकाच वेळी चार-पाच उपग्रह सुटले असतील तर यादीत चार-पाच नवी नावं दिसतात आणि आपला कोणता ते कळत नाही. प्रत्येकाच्या टीएलईवरून डॉप्लरची वक्ररेषा काढा आणि रेकॉर्डिंगशी ताडून पाहा. दोन-तीन आठवड्यांत उपग्रह एकमेकांपासून पुरेसे पांगतात आणि जुळणी पक्की होते.

सिग्नल आला नाही तर आज्ञा पाठवणं थांबवू नका. अँटेना अर्धवट उघडली असेल, बॅटरी रिकामी होऊन सौरपट्ट्यांवर पुन्हा भरत असेल, अशा उपग्रहांनी उशिरा उत्तर दिल्याचं घडलेलं आहे. रोज ठरलेल्या फेऱ्यांना रीसेटची आज्ञा पाठवा आणि नोंद ठेवा.

१२. उतरण

कक्षा खाली येऊ लागली की टीएलई झपाट्याने जुनी होते, दिवसातून अनेकदा नवी घ्या. शेवटचे काही दिवस तापमान आणि व्होल्टेजची माहिती जास्त वेळा पाठवायला लावा, कारण इतक्या खालच्या उंचीवरची नोंद फार थोड्या उपग्रहांकडे असते. उपग्रह जळून गेल्यावर आयएआरयू, डब्ल्यूपीसी आणि इन-स्पेसला कळवा, म्हणजे फ्रिक्वेन्सी मोकळी होते आणि नोंदवहीत तारीख लागते. सगळी टेलिमेट्री (उपग्रहाने पाठवलेली मोजमापं), आकृत्या आणि सुरक्षा अहवालातला देता येईल तेवढा भाग खुला करा, आणि बॅटरीची वही स्कॅन करून त्यात घाला. पुढच्या टीमला सगळ्यात आधी तीच लागणार आहे.